खुलासा: चमकणारे नॅनोकण स्वतः रोग ओळखत नाहीत

‘रक्ताच्या एका थेंबात चमकणारे नॅनोकण, डेंग्यूपासून कॅन्सरपर्यंत सगळं दहा मिनिटांत घरीच कळेल’ असा मेसेज फिरतोय. त्यात चमकण्याचा भाग खरा. हे कण म्हणजे क्वांटम डॉट, अतिसूक्ष्म स्फटिक. त्याचा आकार बदलला की त्याच्या प्रकाशाचा रंग बदलतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांसाठी मिळालं. पण रोगाची खूण पकडतात ती कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी), म्हणजे ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं. कण म्हणजे नुसता रंगीत झेंडा. तपासणीच्या पट्टीवर तीन रोगांची प्रतिपिंडं असतील तर तीनच कळणार. चौथा असला तरी पट्टी गप्प! शिवाय ही चमक साध्या उजेडात नीट दिसत नाही, अतिनील दिवा किंवा चमक मोजणारा रीडर लागतो. आणि संसर्ग अगदी नवा असेल तर अशी पट्टी निगेटिव्हही येऊ शकते.