सोयीचा कुत्रा

थाई भाषेत गल्लीला 'सोय' म्हणतात. बँकॉकच्या सुखुमवितसारख्या हमरस्त्याच्या एका अंगाला विषम आकड्यांच्या सोया, दुसऱ्या अंगाला सम आकड्यांच्या, आणि सोय तिथे कुत्रा. मराठी माणसाला हा शब्द मुद्दाम शिकवायची गरज नाही. चोरावर भुंकला तर आपला आणि पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्याला चावला तर सोयीचा, एवढं कळलं की झालं.

तुम्ही नुकतंच तिथल्या एखाद्या मूबानमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या वसाहतीत, घर घेतलं असेल, दारात दांडगा कुत्रा हवा असेल आणि त्याच्यापायी येणारी मालकीची कटकट मात्र नको असेल, तर पुढचं नीट वाचा. अवघड काही नाही. तुमच्या सोयीतले निम्मे लोक हे न वाचताच करतात.

आधी भाषा. कुत्र्याला थाईत दोन शब्द आहेत. रोजच्या बोलण्यातला 'मा' आणि सभ्य, कागदोपत्रीचा 'सुनाक'. हा सुनाक म्हणजे पाली-संस्कृतातून तिकडे गेलेला आपलाच शुनक. स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलताना सुनाक म्हणावं, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलताना मा. तिसरं एक वाक्य पाठच करून टाका: 'मान माइ कात', तो चावत नाही. हे वाक्य नेहमी घराच्या आतून, जागचं न उठता म्हणायचं असतं. समोरच्याची पोटरी कुत्र्याच्या तोंडात असली तरी हरकत नाही, सूर बदलू नये.

आता पिल्लू. पिटबुल आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर यांच्या आयातीला थायलंडमध्ये बंदी आहे, पण देशातल्या देशात पिल्लं विकणारे कमी नाहीत. पिल्लू पाच आठवड्यांचंच उचला. भावंडांशी दंगामस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो, हा हिशेब पिल्लू साधारण आठव्या आठवड्यापर्यंत शिकतं. तो शिकायच्या आत आणलंत तर मोठेपणी त्याचा जबडा एकाच गतीत चालेल, पूर्ण. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसं, छत्र्या, मुलांच्या सायकली, हेल्मेट घातलेले चेहरे दिसले तर पुढे त्यांची भीती राहत नाही. म्हणून या काळात त्याला मागच्या अंगणात पिंजऱ्यात ठेवावं. भ्यालेला कुत्रा रागीट कुत्र्याइतकाच चावतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच शूर वाटतात.

परदेशी जात नको असेल तर पित्सानुलोक प्रांतातला बांगकॅव आहे. झुबकेदार शेपटीचा, देखणा, एका धन्याचा आणि बाकी सगळ्या जगावर संशय घेणारा. त्याची आणखी एक खुबी म्हणजे बँकॉक महापालिकेच्या 2005 च्या नियमात खास बंदोबस्ताच्या म्हणून ज्या पाच जाती नावानिशी दिल्या होत्या (पिटबुल, बुल टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, रॉटवायलर आणि फिला ब्राझिलेरो), त्यांत हा देशी पठ्ठ्या नाही. दात मात्र त्यालाही बेचाळीसच असतात.

त्या पाचांपैकी कुणी आणलाच, तर नियम असा की बाहेर नेताना तोंडाला मुसकं हवं, दोरी भक्कम हवी आणि ती कुत्र्याच्या मानेपासून 50 सेंटीमीटरच्या आत धरलेली हवी. आता 50 सेंटीमीटर म्हणजे हातभर. इतक्या जवळून कुत्रा खरोखरच आवरता येतो, त्यामुळे ही अट आपल्या कामाची नाही. चाकासारखी गुंडाळली जाणारी पाच मीटरची दोरी घ्या. समोरून दुचाकी आली की बटण दाबेपर्यंत कुत्रा चार मीटर पुढे गेलेला असतो आणि मग ती बारीक दोरी तुमच्याच बोटांना कापते. मुसकं घेताना कापडी घट्ट पट्टी घ्या. जाळीच्या टोपलीसारखं मुसकं असलं तर कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. कापडी पट्टीत तोंड मिटलेलंच राहतं, आणि घाम गाळून थंड होण्याची सोय कुत्र्याला नसल्यानं एप्रिलच्या उन्हात तो दहा-पंधरा मिनिटांत डुलायला लागतो. मग तुम्हाला दया येऊन तुम्ही ते काढता. झालं, काढण्यासाठीच तर घातलं होतं. बरं, हा नियम बँकॉकच्या हद्दीतला. कालव्यापलीकडच्या नोंथबुरीत गेलात की महापालिका वेगळी, नियम वेगळा. कुत्रा तोच.

आता खरं घरकाम, म्हणजे साखळी आणि गेट. साखळी दीड मीटरची, गेटाला लागून, कुत्र्याचं तोंड रस्त्याकडे. हे महत्त्वाचं आहे. दिवसभरात समोरून शंभर दुचाक्या जातात. प्रत्येक दुचाकीवर तो भुंकतो आणि प्रत्येक दुचाकी निघून जाते. ती तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या वहीत त्याची नोंद विजय म्हणून होते. रोज शंभर विजय, असे सहा महिने. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ म्हणतात तो असा कष्टानं घडवावा लागतो. आणि मग एके दिवशी साखळीची कडी झिजून तुटते. ती जिथे गळपट्ट्याला फिरते तिथे झिजते, हे महिन्यातून एकदा बघितलं तर कळतं, म्हणून बघू नये.

गेट रुळावरून सरकणारं असतं. रुळात खडी, चिंचेची बोटुकं, कुठलंतरी बाटलीचं झाकण अडकतं आणि गेट शेवटचं वीतभर मिटतच नाही. मोठ्या कुत्र्याचं डोकं जिथून जातं तिथून उरलेला कुत्राही जातो. रुळ झाडायला झाडू पुरतो, पण तेवढ्यासाठी कोण वाकणार? मोटरवर चालणारं गेट असेल तर उत्तम. पिकअप बाहेर काढल्यावर रिमोट दाबून आरशात न बघता निघून जायचं. गेट मिटायला पंधरा-वीस सेकंद घेतं, कुत्र्याला दोन पुरतात. काही भित्रे लोक आत आणखी एक कमरेएवढी जाळी लावतात, म्हणजे दोन दरवाजे कधीच एकदम उघडे नसतात. खर्च फार नाही, पण अशी जाळी पाहिली की शेजारी समजतात की या घरातल्यांना आपल्या कुत्र्याची खात्री नाही. अब्रूचा प्रश्न आहे.

गेटावर 'रावांग सुनाक दु' ही पाटी मात्र आवर्जून लावा, सावधान, कुत्रा रागीट आहे. पाटी लावली की जबाबदारी संपली, अशी सार्वत्रिक समजूत आहे. थायलंडच्या दिवाणी संहितेचं कलम 433 सांगतं की जनावरानं केलेलं नुकसान धन्यानं किंवा त्याच्या वतीनं सांभाळणाऱ्यानं भरून द्यायचं. सुटका हवी असेल तर त्या जनावराची जात आणि स्वभाव बघून योग्य ती काळजी घेतली होती, हे त्यानंच सिद्ध करायचं. स्वभाव काय ते तर तुम्ही स्वतःच रंगवून टांगलेलं असतं. वकिलाचा निम्मा वेळ वाचतो, समोरच्याच्या वकिलाचा.

फौजदारी बाजू त्याहून गमतीची. दंड संहितेचं कलम 377 म्हणतं की रागीट जनावर 'एकटं' मोकाट फिरू दिलं आणि त्यापासून धोका संभवत असला तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा 10,000 बाटपर्यंत दंड किंवा दोन्ही. एकट्यानं फिरू द्यायचं नाही ना, मग सोयीतले चार सोबती जोडून द्या. टोळीत गेलेला कुत्रा एरवी करणार नाही ते करतो. एकजण पळणाऱ्याच्या मागे लागला की बाकीचे कारण विचारत नाहीत. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर मात्र कलम 291 आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद. त्या पानावर आपण जास्त वेळ थांबू नये.

लस. 1992 चा रेबीज कायदा सांगतो की पिल्लू दोन ते चार महिन्यांचं असताना पहिली लस टोचून घ्या, नाहीतर दंड. किती? 200 बाटपर्यंत. नूडल्सचे तीन-चार वाडगे. 2018 मध्ये रेबीजनं त्या देशात 18 माणसं गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरात मंत्रिमंडळानं कुत्र्यामांजरांच्या नोंदणीचा मसुदा तत्त्वतः मान्य केला. अर्जाचे 50, पुस्तिकेचे 100, ओळखखुणेचे 300, एकूण 450 बाट, आणि नोंदणी न केल्यास 25,000 पर्यंत दंड. लोक असे काही उसळले की मसुदा लगोलग माघारी गेला. आक्षेप काय, तर इतका खर्च पडला तर लोक कुत्री देवळात नेऊन सोडतील. आपण काय करू याची लोकांना इतकी पक्की माहिती असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

तर देऊळ. थाई देवळाला 'वात' म्हणतात. नसबंदी करायची नाही, कारण ते निसर्गाविरुद्ध. मग वर्षाला दोन वेळा पिल्लं, ती रात्री खताच्या पोत्यातून वाताच्या भिंतीपाशी. भिक्खू त्यांना मारणार नाहीत, कुणाला मारूही देणार नाहीत. सकाळच्या भिक्षाफेरीतून आलेला भात उरला की तो त्यांच्यापुढे. 2014 च्या प्राणी कल्याण कायद्यानं जनावर टाकून देण्याला 40,000 बाटपर्यंत दंड ठेवला आहे, पण तुम्ही टाकत नसता, अर्पण करत असता. पुढे कधीतरी त्या वाताशी थांबून बांगडा मासा कालवलेला भात तिथल्या सोडून दिलेल्या कुत्र्यांना घाला आणि त्याला 'थामबुन', पुण्यकर्म, म्हणा. पोत्यातून आणल्याचं पाप इथे वळतं होतं. थंडीत उत्तरेकडे कुत्र्यांना जुने टीशर्ट घालायची पद्धत आहे, तेवढंही केलंत तर फोटो चांगला येतो. टीशर्टाचे पैसे लागत नाहीत, लसीचे लागतात.

एवढं सगळं जमलं की चावा आपोआप होतो. बहुधा नारिंगी बंडीतला मोटारसायकल टॅक्सीवाला, नाहीतर शाळेतून येणारं पोर. पोराचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतो, म्हणून त्याला गालावर आणि मानेवर लागतं. तुम्ही 'मान माइ कात' म्हणून झालेलं आहे. आता 'माइ पेन राय', काही नाही हो, चालायचंच. खरं तर हे त्यानं म्हणायचं असतं. तो म्हणेपर्यंत थांबू नका. तिथे एक म्हणही आहे, कुत्रा चावला तर उलटून चावू नये, ती जखमी माणसाला ऐकवायला फार बरी पडते.

त्या वेळी लगेच नळाखाली जखम धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायची असते. घड्याळ लावून पंधरा. विषाणूचा बराचसा भाग त्यातच वाहून जातो. आपल्याकडे हळद-मिरची भरायची तशी काही भरायची नाही, धुऊन आयोडीन लावायचं, आणि जमेल तोवर टाके टाळायचे. रक्त आलेलं असेल तर नुसत्या लशीनं भागत नाही, जखमेत आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन भरावं लागतं: माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागे 20 युनिट, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 1,200. मग लस, त्वचेच्या आत दोन ठिकाणी 0.1 मिलिलिटर, शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ही पद्धत बँकॉकच्या राणी सौवभा संस्थेत, म्हणजे थाई रेडक्रॉसमध्ये बसवली गेली. एका कुपीत जास्त माणसं भागतात म्हणून ती पुढे जगभर गेली. आपल्या सरकारी दवाखान्यांत कुत्रा चावल्यावर दोन्ही दंडांत जी टोचतात ती हीच, थाई रेडक्रॉस पद्धत. त्यांच्या सोयीतल्या कुत्र्यांनी आपल्या गल्लीतल्या माणसांवर एवढे उपकार करून ठेवले आहेत.

या सगळ्यात तुमच्याकडून फक्त एक गोष्ट मागितली जाते: कुत्रा दहा दिवस बांधून, खाऊपिऊ घालून, नजरेसमोर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, उरलेल्या सुया डॉक्टर थांबवू शकतात. पण त्यासाठी कुत्रा तुमचा आहे हे मान्य करावं लागतं. तेव्हा त्याच रात्री पोतं काढा, हा जरा मोठा आहे, दोघं लागतील. वात यावेळी दूरचा निवडा.

चावलेला माणूस अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई घ्यायला रांगेत बसलेला असेल. तोवर तुमच्या गेटाशी नवीन पिल्लू आलेलं असेल, पाच आठवड्यांचं, गोड. लस दोन महिन्यांनंतर, म्हणजे अजून वेळ आहे.