गाडी कोणती, शेठ?

आमच्या जीपच्या आरसी बुकात लिहिलंय की ती 1989 सालची महिंद्रा एमएम 540 आहे. आरसी बुक सरकारी कागद असल्यामुळे विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर गाडीकडे बघून तसं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. 540 मधलं मूळचं प्युजोचं 2112 सीसीचं इंजिन आधीच्या मालकाच्याही आधीच्या मालकाने काढून विकलं आणि तिथे बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय बसवलं. रेडिएटर कुठल्यातरी टेम्पोचा आहे, सीटा मारुतीच्या, हॉर्न ट्रकचा, वायपरची मोटर कशाची ते माहीत नाही पण ती पाणी पुसत नाही, इकडचं तिकडे करते, आणि पॉवर स्टिअरिंग नक्की कुठून आलंय हे भल्याभल्या मेकॅनिकांना खाली झोपून टॉर्च मारूनही ओळखता आलेलं नाही. चासी नंबर तेवढा जागेवर आहे.

डॅशबोर्डवर हीटरचं बटण अजून आहे. प्युजोला हीटर प्लग लागायचे, थंडीत इंजिन आतून तापवायला आधी बटण दाबून धरायचं आणि मग सेल्फ मारायचा. डीआय इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्याला ते प्लगच नाहीत, पण दिव्याची वायर कोणी तोडली नाही म्हणून बटण दाबलं की दिवा अजूनही लागतो आणि इंजिनाला त्याचा पत्ता नसतो. आमच्या उस्तादांना, म्हणजे मेकॅनिकला, म्हणलं हे काढून टाकू या. ते म्हणाले, "राहू द्या ना शेठ, डिसेंबरात नाशिकची थंडी असते, दाबलं की मनाला बरं वाटतं." आणि खरं सांगतो, वाटतं.

आता एवढं सगळं कोणी केलं आणि का केलं, तर मला वाटतं सुरुवात विंचपासून झाली असावी. कोणीतरी हौसेने पुढे विंच, म्हणजे अडकलेली गाडी वायरने ओढून काढायची मोटर, लावली, विंच म्हणलं की लोखंडी बंपर आला, दोघांच्या वजनाने पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले, म्हणून एक पाटा वाढवला, गाडी वर उचलली गेली तर चाकं लहान दिसायला लागली म्हणून 31 इंची टायर टाकले, त्या टायरांनी स्टिअरिंग एवढं जड झालं की पार्किंग करताना दोन माणसं लागायला लागली, म्हणून ते अज्ञात पॉवर स्टिअरिंग, आणि पाटे कडक झाल्यामुळे कंबर मोडते म्हणून मारुतीच्या मऊ सीटा, त्या सीटा उंच म्हणून डोकं हुडाला लागतं. ते अजून लागतं, त्यावर उपाय झाला नव्हता तेवढ्यात गाडी मला विकली.

या सगळ्यात बिल फाडलं जातं ते मागच्या शाफ्टच्या क्रॉसच्या नावाने. शाफ्ट म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दांडा आणि क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. 540 चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 91 इंच, म्हणजे शाफ्ट आधीच आखूड, त्यात गाडी वर उचलली की शाफ्ट तिरका होतो आणि क्रॉसला वाकून काम करावं लागतं. तो बिचारा किती दिवस वाकणार. आधी गाडी सोडताना खालून टक्क असा आवाज येतो, मग चालताना किरकिर, आणि त्यानंतरही तुम्ही चालवत राहिलात तर शाफ्टच खाली येतो, पण तो प्रसंग सांगत बसत नाही.

क्रॉस म्हणजे तशी साधी वस्तू, चार टोकांचा लोखंडी फुल्लीचा तुकडा, प्रत्येक टोकावर एक कप, कपाच्या आत ग्रीसमध्ये उभ्या रचलेल्या बारीक सुया. बसवताना यातली एक सुई जरी आडवी पडली तरी कप शेवटपर्यंत जात नाही, आणि कप गेला नाही तर त्याला अडवून धरणारी सर्क्लिप बसत नाही, आणि बाहेरून बघून काही कळत नाही, फक्त एक केसभर जागा कमी पडते. मग उस्ताद अजून एक हातोडा मारतात. मी टॉर्च धरून म्हणतो, सुई पडली वाटतं. ते म्हणतात नाही पडली. अजून एक हातोडा. मग कप उलटा बाहेर, आणि आत ती सुई, मस्त आडवी झोपलेली. उस्ताद माझ्याकडे असं बघतात की टॉर्च मी हलवला म्हणून ती पडली. तेवढ्यात सर्क्लिप पक्कडीतून उडते आणि गॅरेजच्या जमिनीवर 1989 पासून पडलेल्या सगळ्या सर्क्लिपांमध्ये जाऊन मिसळते.

पण हे सगळं क्रॉस मिळाल्यानंतरचं. मिळवायचा कसा ते ऐका. नाशकात द्वारका चौकाच्या आसपास दुकानांना तोटा नाही, आणि महिंद्राची नवी जीप थार तर 2020 पासून आपल्या नाशिकच्याच प्लँटमध्ये बनते, तिचं काय हवं ते मागा, पोरगं कॉम्प्युटरवर नंबर टाकून दोन मिनिटांत आणून देतं. आपली वेळ आली की ते विचारतं,

"गाडी कोणती?"

"540."

"540 चा क्रॉस आहे ना, घ्या."

"तो एकाच टोकाला लागतो. दुसऱ्या टोकाला 540 नाहीये."

"मग दुसऱ्या टोकाला कोणती गाडी आहे?"

हा प्रश्न त्याने अगदी सरळ मनाने विचारला होता, पण मागे उभे असलेले सगळे हसले आणि एकजण म्हणाला, "काय भो, अर्धी अर्धी घेतली का?" शेवटी आत गल्ल्यावर बसलेले त्याचे वडील उठून आले. त्यांनी मी पेपरात गुंडाळून आणलेला जुना क्रॉस हातात घेतला, कपावरून अंगठा फिरवला, मग मापायला व्हर्नियर लावला, पण तो माझ्या समाधानासाठी. एका बाजूचा कप 27 मिमी, म्हणजे 540 चा बरोबर. दुसऱ्या बाजूचा 30 च्या वर. ते शिडी लावून वर चढले, कुठल्यातरी खोक्यावरची धूळ फुंकली आणि क्रॉस खाली दिला. कशाचा आहे विचारलं तर म्हणाले, "बसतोय ना? मग कशाला विचारता." माझ्या मते गाडीचं काम करणाऱ्यांत ही दोनच प्रकारची माणसं असतात, गाडीचं नाव विचारणारी आणि वस्तू हातात घेऊन बघणारी, आणि दुसरी जात कमी होत चालल्ये. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 साली उठवला तेव्हा शहराचं भलंच झालं असेल, पण आमच्या गाडीचं माहेर गेलं.

जे विकत मिळत नाही ते बनवावं लागतं. त्यासाठी अंबडला एका शेडमध्ये लेथवाले काका आहेत, आयुष्य ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानांच्या कामावर गेलं, रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून लेथ टाकली. त्यांना पाट्याच्या शॅकलचा बुश, म्हणजे सांध्यात बसणारी नळी, दाखवला आणि म्हणलं असा एक करून द्या. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. "टॉलरन्स काय ठेवू?" म्हणजे मापात किती फरक चालेल. मी म्हणलं काका, जीप आहे, हलला नाही म्हणजे झालं. त्यांचा चेहरा पडला. बुश मात्र त्यांनी असा करून दिला की त्या गाडीत तेवढीच एक गोष्ट विमानाच्या लायकीची आहे, आजूबाजूचं सगळं खडखडत असतं आणि हा शांत.

आरटीओचं तर बोलायलाच नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने जशी दिली तशी गाडी ठेवा, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावलं. पटतं मला, सगळ्यात जास्त मलाच पटतं, पण कंपनीने ही कशी दिली होती हे आता कोणाला आठवतंय? इंजिन बदलल्याची नोंद तेवढी त्या जुन्या मालकाने करून ठेवली होती, देव त्याचं भलं करो. विंच आणि तो बंपर पासिंगच्या आधी उतरवला, तर गाडी पुढून एकदम चार बोटं वर आली आणि साहेबांनी विचारलं, "ही अशी आकाशाकडे का बघतीये?"

रस्त्यावरचं सुख वेगळंच. 31 इंची टायरांमुळे स्पीडोमीटर कमी दाखवतो, काट्यावर 60 म्हणजे खरे 64-65 धरायचे. आणि नेमक्या त्याच स्पीडला उड्डाणपुलाचा जॉइंट लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात. पुढच्या चाकांचे सांधे ढिले, किंगपिनची बेअरिंग सैल, टाय रॉडचे एंड झिजलेले, त्यात हे मोठे टायर, एकदा सुरू झालं की स्टिअरिंग घट्ट धरून उपयोग नसतो, स्पीड हळूहळू कमी करत न्यायचा, तोवर आरसे, डॅशबोर्ड, माणसं, सगळं हलतं. एकदा आई शेजारी होती, मांडीवर भाजीची पिशवी. द्वारकेच्या वर सुरू झालं ते पार मुंबई नाक्याकडे उतरेपर्यंत. आई शांतपणे म्हणाली, "अरे, गाडी हलतीये का माझं बीपी वाढलंय?" गाडी आहे म्हणलं. "मग ठीक आहे," म्हणाली. तेव्हापासून ती रिक्षाने जाते.

हे सगळं कशासाठी, तर पावसाळ्यात एकदा त्र्यंबकजवळच्या पहिनेला जायचं असतं. यंदा गेलो. त्र्यंबकच्या बाजूला पाऊस असा की समोरचं दिसेना, वायपर इकडचं पाणी तिकडे करतोय, आणि रस्त्याला अर्ध्या नाशिकच्या नव्या थार लाईनीत. समोरून बस आली, तिला जागा द्यायला बाजूला घेतली आणि डावीकडची दोन्ही चाकं भाताच्या खाचरात. फोर व्हील टाकण्यासाठी आधी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करावे लागतात, म्हणजे गुडघाभर चिखलात बसून, आणि डावा हब चिखलाच्या आत कुठेतरी. तो सापडला, फिरवला, गाडी अजून एक वीत खाली गेली. स्टिअरिंग जोरात वळवलं तर पॉवर स्टिअरिंगचा होज फुटला आणि सगळं तेल भातात. शेवटी तो ऐतिहासिक क्षण आला, विंच वापरायची. वायर सोडली, आंब्याला बांधली, थारमधली पोरं मोबाईल काढून उभी राहिली, बटण दाबलं. विंच साधारण वीतभर फिरली आणि बॅटरी गेली.

मग एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. काही बोलले नाहीत, साखळी लावली, ओढली, बाहेर. पैसे घेईनात. जाता जाता सहज वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "हा पाईप तर आमच्या ट्रॅक्टरचा हाये. 575 चा."

एवढे मेकॅनिक झाले, एवढी दुकानं झाली, आणि हे असं. दुसऱ्या दिवशी दिंडोरी रोडला ट्रॅक्टरच्या दुकानात गेलो. कोणता म्हणून विचारायच्या आत मी "575 चा स्टिअरिंग होज" असं खणखणीत सांगितलं, आणि त्यानेही लगेच काढून दिला, काही प्रश्न नाही, काही हसणं नाही. बिल करता करता गप्पा म्हणून विचारलं, "शेती किती?"

"साडेतीन एकर," मी म्हणलं.

"द्राक्ष का?"

"नाही हो, कांदा," म्हणलं. द्राक्ष म्हणलं असतं तर त्याने भाव वाढवला असता.