‘बाबा गावाला गेलेत’ : एका फॉरवर्डला उत्तर

घरातल्या माणसाला अचानक हार्ट अटॅक आला तर मुलांना काय सांगावं, यावर एक लांबलचक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. वर जोडलेले हात, खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. सगळा इथे उतरवत नाही, सार एवढंच : मुलं फुलासारखी असतात, त्यांना काही कळू देऊ नका. लहानांना ‘बाबा ऑफिसच्या कामाने गावाला गेलेत’ असं सांगा. परीक्षा असेल तर ती संपेपर्यंत थांबा. मुलांसमोर डोळ्यांत पाणी आणू नका. आयसीयूकडे फिरकू देऊ नका. विचारलंच तर ‘बाबांना काहीही होणार नाही’ असं ठासून सांगा. आणि बाबा घरी आले की तो विषय कायमचा बंद.

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. महात्मा फुले योजनेचे कागद, बिलात सवलत, बेवारस पेशंट, हे आमचं रोजचं काम. पण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावरून उठून आलेली बाई रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे करता करता हळूच विचारतेच, ‘मॅडम, पोरांना काय सांगू?’ हल्ली त्यातल्या काहीजणी हा मेसेजही दाखवतात. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. सल्ला मात्र जवळपास ओळीओळीला उलटा आहे.

‘कळू देऊ नका’पासूनच सुरुवात करू. रात्री दोन वाजता घरातले सगळे दिवे लागतात. आई फोनवर पत्ता सांगताना ओरडते. बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघे जण जिन्यावरून खाली नेतात. शेजारच्या काकू गाऊनवर ओढणी टाकून मुलांजवळ येऊन बसतात. सकाळी डोळे उघडावेत तर आत्या साताऱ्याहून हजर, आणि तीही चक्क शाळा बुडव म्हणतेय. एवढं सगळं पाहिलेल्या पोराला बाबा ऑफिसच्या कामाला गेलेत हे पटेल, असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो? त्याला कळलेलं असतं, फक्त काय झालंय ते नेमकं माहीत नसतं. राहिलेलं मग सोसायटीच्या ग्रुपवरून कळतं, नाहीतर शाळेच्या व्हॅनमध्ये एखादा मोठा मुलगा विचारतो, ‘तुझ्या पप्पांना अटॅक आला ना रे?’ तेव्हा कळू द्यायचं की नाही हा पर्याय आपल्या हातात फारसा नसतोच. कोणाच्या तोंडून कळावं, एवढंच काय ते ठरवता येतं.

याचा अभ्यासही झालाय. आई किंवा वडिलांना जिवावरचा आजार असल्याचं मुलांना सांगण्याबद्दल आधी झालेल्या संशोधनाचा आढावा ऑक्सफर्डच्या एका गटाने २०१९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला. नीट सांगितलं गेलं तर पुढच्या काळात मुलांचं मानसिक स्वास्थ्य अधिक चांगलं राहतं, आणि घरालाही त्याचा फायदा होतो, असा त्याचा रोख. कसं सांगावं याची मदत पालकांना हवी असते आणि दवाखान्यात ती सहसा कोणी देत नाही, हेही त्यात आहे. आमच्याकडची परिस्थिती पाहता हे दुसरं मला जास्त लागलं.

आता ते ‘गावाला गेलेत’. मेसेजमधली सर्वांत घातक ओळ मला हीच वाटते, कारण ती इतकी सोयीची आहे. आपल्या कित्येक घरांत आजोबा वारले तेव्हाही नातवंडांना ‘आजोबा गावाला गेले’ असंच सांगितलेलं असतं. ते आजोबा परत आले नाहीत. तेच वाक्य आता बाबांसाठी वापरलं की पाच वर्षांचं पोर त्याचा काय अर्थ लावेल? आणि त्याला तो संदर्भ माहीत नसेल, तर मग राग. बाबा मला न सांगता, टाटा न करता गेलेच कसे?

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९७९ च्या एका लेखात अशा मुलांबद्दल लिहिलंय, ज्यांनी घरात घडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मोठ्यांनी नंतर ‘तसं काही नव्हतंच, तुला भास झाला’ असं त्यांच्या गळी उतरवू पाहिलं. ती प्रकरणं आपल्या विषयापेक्षा फार भयंकर होती, आई-वडिलांपैकी एकाने आत्महत्या केलेली. पण त्या मुलांचं पुढे काय झालं, हे इथेही लक्षात ठेवण्यासारखं आहे : इतरांवरचा विश्वास गेला, काही विचारावंसं वाटेना, आणि स्वतःच्याच डोळ्या-कानांवर भरवसा राहिला नाही. गावाला गेल्याची थाप तेवढी जड नसेल, पण मुलाला आपण सांगतो तेच की तू पाहिलंस ते खरं नाही.

‘लहानांना काही समजत नाही’ हे तर अर्धंच खरं. त्यांना समजतं ते वेगळ्या पद्धतीने. तीन ते सात वर्षांच्या वयात मूल स्वतःला सगळ्याच्या मध्यभागी धरून कारणं जुळवतं. सात वर्षांच्या एका मुलाने आदल्या संध्याकाळी सायकलसाठी भोकाड पसरलं होतं आणि वडील त्याच्यावर तावातावाने ओरडले होते. अटॅक त्याच रात्री आला. पोरगा कोणाशी चकार शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी आजीला कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या देठांखाली, चित्रकलेच्या वहीचं फाडलेलं पान सापडलं. त्यावर सायकल काढलेली होती. ‘बाबा गावाला गेलेत’ म्हणून या पोराच्या मनातलं कोण बाहेर काढणार होतं? त्याला सांगावं लागलं की रक्तवाहिनीच्या आत चरबीचा थर वर्षानुवर्षं साचत असतो, तुझ्या सायकलच्या कितीतरी आधीपासून साचत होता. मुलाने विचारो न विचारो, ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे वाक्य म्हणायचंच.

मग सांगायचं काय? चार-पाच वर्षांच्या मुलाला थोडक्यात : ‘बाबांच्या छातीत खूप दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलंय. डॉक्टर आणि सिस्टर त्यांच्याजवळ आहेत. आज तू आजीजवळ झोपायचं, सकाळी मी येते.’ यातलं शेवटचं वाक्य आपल्याला किरकोळ वाटतं. त्याला तेच सर्वांत आधी हवं असतं, कारण मला भरवणार कोण आणि शाळेतून आणणार कोण याची चिंता त्याला आधी असते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना गोष्ट कशी घडली ते हवं असतं : हृदय सगळ्या अंगाला रक्त पाठवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, ते आणणारी एक बारीक वाहिनी गुठळीने बंद झाली, डॉक्टरांनी मनगटातून पातळ नळी नेऊन ती उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची छोटीशी स्टेंट बसवली. दहावी-बारावीच्या मुलांपासून आजाराचं नाव लपवण्यात तर काही अर्थच नाही. ती गूगल करतात आणि हार्ट अटॅकच्या नावाखाली कार्डिअ‍ॅक अरेस्टची माहिती वाचून हादरतात. पहिल्यात हृदयाच्या स्नायूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, दुसऱ्यात हृदयाचं काम अचानक थांबतं. वाचलेले भयंकर आकडे बहुतेकदा दुसऱ्याचे असतात. हे कोणीतरी शेजारी बसून सांगितलेलं बरं.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगते. सगळंच सांगायचं नसतं. किती टक्के ब्लॉकेज, बिल किती झालं, भावाने पैसे दिले की हात वर केले, हे मुलांच्या कानावर घालायची गरज नाही. डॉक्टर काय म्हणतात ते कळायच्या आत धावत जाऊन सांगायचीही घाई नको. तासाभराने सांगितलं तरी चालतं, दोन दिवस झुलवत ठेवणं चालत नाही.

परीक्षेचं म्हणाल तर, नेमका पेपर सकाळी अकराला असेल आणि बातमी दहाला आली असेल तर पेपर होऊ द्या, दुपारी घरी आल्या आल्या सांगा. पण बोर्डाच्या अख्ख्या परीक्षेभर लपवायचं म्हणजे दोन-तीन आठवडे घरातल्या प्रत्येकाने खोटं बोलायचं, आणि तेही घरात कोणी धड जेवत नसताना. मुलगी अभ्यास करत नसते, दारामागून कुजबुज ऐकत असते. खरं कळल्यावर एखादा विषय राहिला तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. ‘मला सोडून सगळ्यांना माहीत होतं’ याला पुरवणी नाही.

‘आयसीयूत नेऊ नका, नळ्या पाहून आयुष्यभराचा ओरखडा उठेल.’ बऱ्याच रुग्णालयांत तसंही बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, त्यामुळे निम्म्या घरांत प्रश्न आपोआप मिटतो. सर्दी-खोकला असलेल्या मुलाला नेऊच नये, पेशंटसाठी. पण जिथे परवानगी मिळते किंवा विचारल्यावर पाच मिनिटं आत सोडतात, तिथे पूर्वतयारीशिवाय नेणं आणि तयारी करून नेणं यात फार फरक आहे. आधी मोबाइलवर फोटो काढावा, पेशंटला विचारून. तो मुलाला दाखवत एकेका नळीवर बोट ठेवावं : ही सलाईनची. ही नाकातली ऑक्सिजनची. छातीवर चिकटवलेत ते स्टिकर, त्यांच्या वायरी त्या टीव्हीसारख्या मॉनिटरला जोडल्यात. मनगटावरचा पारदर्शक पट्टा हवा भरून घट्ट केलाय, नळी घातली तिथून रक्त येऊ नये म्हणून. आणि मॉनिटर मध्येच टींटीं करतो, तेव्हा पुष्कळदा एखादं स्टिकर निघालेलं असतं, सिस्टर येऊन पुन्हा चिकटवतात. हे शेवटचं सांगायला विसरू नका. फोटोत आवाज येत नाही, आणि आत गेल्यावर मुलं त्या आवाजाने दचकतात. मुलगा नको म्हणाला तर नेऊ नये. दारापर्यंत जाऊन मागे फिरला तरी ‘एवढा घाबरट कसा’ म्हणू नये. व्हिडिओ कॉलवर बाबांनी ‘काय रे, जेवलास का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं. मुलांच्या मनातला आयसीयू सिनेमातून आलेला असतो, आणि तो खऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक असतो.

रडू नका, या सल्ल्याला पाठिंबा देणारे खूप भेटतात. हंबरडा फोडून मुलाच्या गळ्यात पडू नये, हे मान्य. पण आईचे डोळे सुजलेत आणि ती म्हणतेय ‘कांदा चिरत होते’, यातून मूल एवढंच शिकतं की या घरात असलं काही बोलायचं नसतं. ‘मला बाबांची काळजी वाटतेय म्हणून रडू आलं, आता बरं वाटतंय’ असं म्हणून चहा टाकायला उठणारी आई पोराला घाबरवत नाही. रडण्यापेक्षा कितीतरी वाईट गोष्ट नातेवाईक करतात आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर थाप मारून काका म्हणतात, ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष!’ मुलगी असेल तर, ‘आईला त्रास देऊ नकोस हं, नाहीतर तिलाही काहीतरी होईल.’ हे ऐकलं की मी मध्ये पडते, उद्धटपणाचा ठपका घेऊन.

‘काहीही होणार नाही’ हे वचन द्यायचं नाही, कारण ते पाळणं आपल्या हातात नाही. ‘डॉक्टरांनी वाहिनी उघडलीय, ते लक्ष ठेवून आहेत, नवीन काही कळलं की मी तुला सांगेन,’ इथपर्यंतच जायचं. आणि मग खरंच सांगायचं, चांगली बातमी असो की वाईट.

राहिला विषय बंद करण्याचा मुद्दा. अँजिओप्लास्टीनंतर सगळं सुरळीत असेल तर पेशंट काही दिवसांत घरी येतो. मोठ्यांच्या लेखी प्रकरण संपलं, मुलांचं तिथून पुढे सुरू होतं. रात्री उठून बाबांच्या छातीवर हात ठेवून बघणं, पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, शाळेला नाट. एक आठ वर्षांची मुलगी वडिलांच्या गोळ्यांची वेळ वहीत लिहून ठेवायची आणि त्यांना पाच मिनिटं उशीर झाला की रडकुंडीला यायची. घरच्यांना केवढं कौतुक! ‘आमची नर्सबाई.’ रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या महिनोन् महिने चालतात, आणि एखादी चुकलीच तर तिचं ओझं त्या मुलीच्या डोक्यावर. गोळ्या घेणं बाबांचं काम, आठवण करणं आईचं. तिला हवंच असेल तर तिने पाण्याचा ग्लास आणून द्यावा.

उलट एक काम मुलांना शिकवायलाच हवं, आणि विषय बंद ठेवला तर ते शिकवताच येत नाही. बाबांच्या छातीवर दडपण आलं, घाम सुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं आणि घरात मोठं कोणी नसेल तर १०८ लावायचा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. सात-आठ वर्षांचं मूल नंबर लावून इमारतीचं नाव, मजला आणि जवळची खूण सांगू शकतं, आधी दोन-तीनदा बोलून घेतलं असेल तर. मग दार उघडून ठेवायचं आणि शेजारी बेल मारायची. बाबा गावाला गेले होते असं ज्याला सांगितलंय, त्याच्याकडून हे कसं करून घेणार?

रात्री उठून बघणं, पोटदुखी, अंथरूण ओलं होणं ही मुलाची लक्षणं महिनाभरानंतरही हटत नसतील, किंवा मूल खाणं-खेळणंच सोडून बसलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आईने स्वतःसाठी लावला तरी चालतो.