कुत्र्याला घरातलं ट्रिमर चालत नाही, आणि उन्हाळ्यात त्याला भादरूही नका

उन्हाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो. थोडक्यात तो असा: कुत्र्यासाठी वेगळं मशीन घेऊ नका, घरातलं दाढीचं ट्रिमर पुरतं. घ्यायचंच असेल तर जास्तीत जास्त वेगाचं घ्या. ब्लेडचा नंबर जेवढा मोठा तेवढे केस लांब राहतात, म्हणून नवख्यांनी मोठ्या नंबरचं ब्लेड लावावं. आणि मार्चमध्येच कुत्रं पूर्ण भादरून टाका, म्हणजे त्याला गारवा मिळतो आणि गोचिडीही जातात.

यातलं सर्वांत धोक्याचं विधान नंबराचं आहे, म्हणून आधी ते. हा हिशेब नेमका उलटा आहे. कुत्र्यांच्या बऱ्याच क्लिपरना, म्हणजे केस कापायच्या मशीनना, काढता-घालता येणारी ए-५ पद्धतीची ब्लेडं लागतात. ऑस्टर, अँडिस अशा कंपन्यांची ही ब्लेडं एकमेकांच्या मशीनवर बसतात. त्यांत ४ नंबर साधारण साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतो, ५ नंबर सहा, ७ नंबर तीन आणि १० नंबर दीड. ३० नंबरला उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. ४० नंबर तर पशुवैद्य शस्त्रक्रियेआधी कातडी उघडी करायला वापरतात, आणि ‘नवख्यांसाठी सुरक्षित’ म्हणून नेमकं तेच ब्लेड सुचवलं जातंय! सलूनमधल्या मशीनवर चढवायच्या प्लास्टिकच्या कंगव्यांचे नंबर मात्र लांबीप्रमाणे वाढत जातात. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा.

नंबरापुढचं ‘एफ’ हे अक्षरही बघून घ्या. ७, ५, ४ या ब्लेडांवर एफ असेल तर सगळे दात सारखे असतात. एफ नसेल तर एकाआड एक दात आखूड असतो आणि त्या रुंद फटीत काखेतली, जांघेतली सैल कातडी शिरून कापली जाते. घरच्या वापरासाठी एफवालंच घ्या.

आता ट्रिमर. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो आणि एकाच छिद्रातून त्याचे अनेक केस बाहेर येतात. दाढीच्या ट्रिमरचे बारीक दात आणि इवलीशी मोटर या दाटीत अडकते. मग केस कापला न जाता ओढला जातो. कुत्रं एकदा असं दुखावलं की पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकताच दिवाणाखाली जाऊन बसतं. त्याची भीती घालवायला लागणारा वेळ ट्रिमरवर वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

वेगाचंही असंच. वेग वाढला की काप गुळगुळीत येतो हे खरं, पण घर्षणही वाढतं आणि ब्लेड लवकर तापतं. दाट केसांत मोटर न अडखळता चालते का, याला जास्त महत्त्व आहे. दोन वेगांचं, कमी आवाजाचं, हातात हलकं मशीन घरासाठी बरं. कुत्र्याला आपल्याहून कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला ‘जरासं घूं’ वाटणारं त्याला तसं वाटेलच असं नाही. दुकानात मशीन पाच मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि ब्लेडची पाठ मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसला तर ते परत ठेवा. घरीही कापताना अधूनमधून हेच करायचं आणि ब्लेडला तेलाचे थेंब द्यायचे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. तारेवर चालणारं तिथलं क्लिपर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बनलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण हर्ट्झ बदलत नाही, आणि चुंबकी मोटरचा वेग त्याच्यावरच ठरतो. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं बॅटरीचं मशीन मात्र बिनधास्त मागवा.

राहिलं भादरणं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो ती पांढरी कुत्री, या सगळ्यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ केस आणि आत मऊ, दाट लव. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घाम गाळत नाही. ते मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं. घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. म्हणून अंग उघडं केल्याने आपल्याला मिळतो तसा गारवा त्याला मिळत नाही. उलट ऊन अडवणारा वरचा थर जातो आणि कातडी भाजते. शिवाय हस्की-पॉमेरियनसारख्यांत भादरलेले केस कित्येक महिने येतच नाहीत, कधी वर्ष उलटतं, आणि आले तरी कधी ठिगळाठिगळांनी. या कुत्र्यांना हवी असते आतली गळणारी लव विंचरून काढणारी फणी आणि नेमाने विंचरणारा हात. क्लिपर लागलाच तर तळव्यांच्या गाद्यांमधले केस काढण्यापुरता. गावठी, मुधोळ (कारवान) अशा आखूड केसांच्या कुत्र्यांना तर तोही नको. रबरी ब्रश पुरे.

क्लिपरची खरी गरज शिह त्झू, ल्हासा, पूडल यांना, कारण त्यांचे केस वाढतच राहतात. तिथेही ५ एफ किंवा ७ एफ पुरे. अपवाद जटांचा. जट झाली की लांब केस ठेवणारं ब्लेड तिच्यात शिरतच नाही; तिथे १० नंबर कातडीला समांतर धरून जटेखालून हळू सरकवावा लागतो. कात्री अजिबात नको, कारण जटेत कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही. त्याआधी आंघोळही नको. ओली जट वाळताना आणखी आवळते.

गोचिडींबद्दल थोडक्यात. त्या लपतात कानात, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. पाठ-पोट भादरून तिथल्या निघत नाहीत. अंडी तर त्या कुत्र्यावर घालतच नाहीत. भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे घालतात. त्यासाठी पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे औषध घ्यावं लागतं आणि त्या भेगा साफ करून बुजवाव्या लागतात.