ऐकून शिकणारे मूल वाचन टाळत नसते

पालक आणि शिक्षकांच्या गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा दावा असा : डिस्लेक्सिया (लिहिलेले शब्द ओळखून वाचणे जड जाण्याची अडचण) असलेल्या मुलाला धडा वाचून दाखवणारा टॅब वर्गात दिला, तर ते आळशी होते आणि वाचायला कधीच शिकत नाही. इतर मुलांवर तो अन्याय ठरतो. शिवाय युनेस्कोनेही वर्गातील पडद्यांविरुद्ध इशारा दिलेला आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यावर विसंबून एखाद्या मुलाची सोय बंद होऊ शकते, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा आळसाचा. गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे वाचनात दोन वेगळी कामे असतात : लिपीतून शब्द ओळखणे आणि भाषेचा अर्थ समजणे. डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः पहिल्या कामात असते. आपल्या देवनागरीत ‘किल्ल्यावर’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी लिहितात, पण उच्चारतात क नंतर. उलट ‘सूर्य’मधला रफार य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. सरावलेल्या वाचकाला हे जाणवतही नाही. ज्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणेच जड जाते, त्याची सगळी शक्ती मात्र तेथेच खर्च होते आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटलेली असते. सहावीतल्या अशा मुलाला विज्ञानाचा धडा ऐकवला, तर त्याचे वाचन त्या दिवशी सुधारत नाही, हे खरे. पण त्याचे विज्ञान, शब्दसंग्रह आणि कुतूहल वयानुसार वाढत राहते. वाचून दाखवणाऱ्या साधनांवरील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात वाचन-अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांच्या आकलनात माफक, पण खरी सुधारणा आढळली.

यंत्र वाचायला शिकवत नाही, ही गोष्ट मी आग्रहाने मान्य करतो. त्यासाठी ध्वनी, अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे क्रमाने व पुन्हा पुन्हा शिकवणारा शिक्षकच लागतो. टॅब हाती देऊन एखादी शाळा हे शिकवणे थांबवत असेल, तर मुलाचे नुकसान होईलच. मात्र तो दोष शिकवणे थांबवण्याचा आहे, ऐकवण्याचा नाही. (डिस्लेक्सियासाठी खास म्हणून विकली जाणारी अक्षरवळणे आणि रंगीत पारदर्शक पट्ट्या यांचा उपयोग अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.)

अन्यायाच्या मुद्द्याचे उत्तर परीक्षा कशाची आहे, यावर अवलंबून आहे. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत इतिहास तपासायचा असतो, म्हणून तेथे प्रश्न वाचून दाखवल्याने कोणाचेही गुण हिरावले जात नाहीत. वाचनाचीच चाचणी असेल, तेव्हा हे साधन बाजूला ठेवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, जिच्यात डिस्लेक्सियाही येतो, दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. वाढीव वेळ किंवा लेखनिक यांना आपण सर्रास ‘सवलत’ म्हणतो आणि त्या शब्दामुळेच ही मेहेरबानी असल्याचा समज होतो, असे मला वाटते.

युनेस्कोचा दाखला तर अर्धाच दिलेला आहे. २०२३ च्या अहवालात तंत्रज्ञानाच्या सरसकट वापराबद्दल सावधगिरीचा सल्ला जरूर आहे, पण दिव्यांग विद्यार्थ्यांना अशा साधनांमुळे शिक्षण सुलभ होते, हेही त्याच अहवालात नोंदवलेले आहे.

मराठी वर्गातली खरी अडचण या मजकुरात कोठेच येत नाही. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली स्वाध्यायपत्रिका वाचणाऱ्या यंत्राला निरर्थक चिन्हांसारखी दिसते आणि पानाचा फोटो पाठवला, तर त्यातील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात, ज्यात जोडाक्षरे चुकू शकतात. वर्गशिक्षकांनी तीच पत्रिका युनिकोडमध्ये टंकून पाठवली, तर साध्या मोबाइललाही ती मराठीत वाचून दाखवता येते.