सोयाबीन लगेच विकणारा शेतकरी अडाणी नाही

लातूर-नांदेडकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे एक प्राध्यापक त्यात सांगतात की मराठवाड्यातला सोयाबीनवाला तोट्यात आहे, कारण त्याला बाजार कळत नाही. रास झाली की तो माल विकून मोकळा होतो. चार-सहा महिने थांबला, वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या विक्रीचा दर आजच ठरतो तिथं, भाव बांधून घेतला, गावानं मिळून कंपनी काढली तर तोटा राहणार नाही, आणि सगळं फसलं तरी खाली हमीभाव आहेच, असं त्यांचं म्हणणं. प्राध्यापक तळमळीनं बोलतात, त्यामुळं ऐकणाऱ्याला पटतं. पुण्यात नोकरीला असलेली पोरं तो व्हिडिओ गावाकडं वडलांना पाठवतायत, ‘बघा, तुमचं काय चुकतं’ असं वर लिहून. ते वाचून वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी घाईचं. सोयाबीनची रास होते सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरात. त्याच पंधरवड्यात काढणीच्या मजुरांचे पैसे द्यायचे असतात, मळणीयंत्रवाला दारात असतो, हरभऱ्याचं बियाणं आणि खत आणायचं असतं, कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी तटलेली असते. वर दिवाळी. 2015-16 च्या कृषिगणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर होती, म्हणजे सव्वातीन एकर. एकरी सहा-सात क्विंटल धरले तर वीस-बावीस क्विंटल माल होतो, आणि बहुतेक घरांत वर्षाची पहिली मोठी रोख रक्कम तीच असते. हरभरा वेळेवर पेरायचा असेल तर हा माल मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, न्यावाच लागतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता थांबण्याचा हिशेब. समजा भाव 4300 आहे आणि शेतकऱ्यानं माल न विकता तेवढीच रक्कम सावकाराकडून महिना शेकडा तीननं उचलली. सहा महिन्यांचं व्याज क्विंटलमागं 774 रुपये. म्हणजे एप्रिलमध्ये 5074 मिळाले तर तो जिथं होता तिथंच. त्यात ओलावा उतरतो. चौदा टक्के ओलाव्याचं सोयाबीन दहा टक्क्यांवर आलं की क्विंटलमागं साडेचार किलो वजन जातं. वाळलेल्या मालाला कटती, म्हणजे ओलाव्यापोटी होणारी कपात, कमी लागते हे खरं, पण घट तर होतेच.

आणि थांबून भाव वाढला का? 2021 चं सोयाबीन ज्यांनी ठेवलं त्यांना पुढं चांगले पैसे मिळाले. त्याच आशेवर 2022 चा आणि 2023 चा माल लोकांनी घरात ठेवला, काहींनी दोन-दोन वर्षं, आणि शेवटी काढणीच्या भावापेक्षाही कमीत विकला. त्या घरांना जाऊन ‘थांबायला शिका’ सांगणं मला क्रूर वाटतं.

थांबायचं असेल तर एक चांगली सोय आहे, पण व्हिडिओत तिचं नावही नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला सहा टक्के व्याजानं. 4300 च्या भावावर 3225 रुपये हातात येतात आणि व्याज जातं 97 रुपये. 774 आणि 97 यांच्यात जो फरक आहे तोच खरा प्रश्न आहे. पण सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत, आणि राबवणाऱ्यांपैकी कित्येकांकडं गोदाम अपुरं, निधी अपुरा. प्राध्यापकांनी यावर बोलायला हवं होतं.

वायद्यांचा मुद्दा तर मला कळतच नाही. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यात सोयाबीन होतं, हरभराही होता. एका वर्षासाठी म्हणून आणलेली बंदी मुदतवाढ मिळत मिळत मार्च 2026 पर्यंत गेली. शेतकऱ्यानं तेवढी सगळी वर्षं भाव बांधून घ्यायचा तो कुठं? वायदे चालू होते तेव्हाही एकेक सौदा कित्येक टनांचा असे, आणि आपल्या सव्वातीन एकरवाल्याचा सगळा माल मिळून दोन टन भरतो.

व्यवस्थापनाच्या शिक्षकांनी शेतीवर बोलू नये असं मी अजिबात म्हणत नाही. आयआयटी मुंबईच्या शैलेश मेहता व्यवस्थापन विद्यालयातल्या आणि बिमटेक या व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी याच वायदेबंदीचा अभ्यास केला. बंदीमुळं खाद्यतेलाचे किरकोळ भाव आटोक्यात आले नाहीत, उलट पुढच्या भावाचा अंदाज बांधायचा आधार गेला, असं त्यांनी मांडलं. हे लिखाण शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे, कारण प्रश्न ज्यांनी निर्माण केला त्यांनाच ते उत्तर मागतं. असे व्हिडिओ गावोगाव फिरायला हवेत.

कारण सोयाबीनचा भाव मोंढ्यात ठरतच नाही. शंभर किलो सोयाबीनमधून अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, त्यामुळं आयात शुल्काचा एक आदेश निघाला की लातूरचा दर हलतो. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. सरकारनं बारा लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. मे 2025 च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, ते पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं. मार्केटिंग कितीही शिकलं तरी हे आदेश कुणा शेतकऱ्याला आधी कळणार नाहीत.

हमीभावाबद्दल थोडक्यात. 2024-25 साठी तो 4892 होता आणि मोंढ्यात माल चार-सव्वाचार हजारांनं जात होता. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या आत ओलावा मागत होते. तो पंधरापर्यंत चालेल असा आदेश निघाला नोव्हेंबरात, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता. त्यानंतर बारदान्याअभावी, म्हणजे पोती नाहीत म्हणून, केंद्रं अडली. 2025-26 ला हमीभाव 5328 झाला, पण सप्टेंबर 2025 च्या पुरानं धाराशिव, बीड, लातूर, नांदेडात उभं पीक पाण्यात गेलं. डागी, काळं पडलेलं सोयाबीन खरेदीच्या निकषात बसत नाही.

राहिली शेतकरी कंपनी. हा सल्ला चांगला आहे, आणि चाळणी, प्रतवारी, एकत्र वाहतूक यांत कंपन्यांनी सभासदांचे पैसे वाचवलेतही. पण आडत्या, म्हणजे बाजारातला दलाल, संध्याकाळी पट्टी (हिशेबाची पावती) करून पैसे देतो, आणि वेळेला उचलही. कंपनीकडं ऑक्टोबरात तेवढं खेळतं भांडवल नसेल तर सभासदही आडत्याकडंच जातो. त्या एका महिन्यासाठी कंपनीला स्वस्त कर्ज कोणती बँक, कोणत्या तारणावर देईल, हे कुणी प्राध्यापक मांडून दाखवणार असतील तर तो व्हिडिओ मी स्वतः प्रत्येक ग्रुपवर टाकीन.