काका, फ्रेममध्ये येताय

पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीत एका पोर्तुगीज घरात क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या कारखान्यांतल्या खास बिअरचा बार आहे, हे एव्हाना तुमच्या भाच्याने तुम्हाला सांगितलं असेलच. जा की. पण नीट जा. मी त्याच गल्लीत बावीस वर्षं भाड्याने राहतो, येणाऱ्यांची रीतभात बघून बघून तोंडपाठ झाली आहे.

गाडी थेट गल्लीत घाला. गल्ली मोटारीचा जन्म व्हायच्या आधीची आहे, पण आरसे मिटले की मावते. ज्या दारासमोर अडकेल तिथेच ठेवा आणि चारी दिवे लुकलुकते सोडा. दिवे लुकलुकत असले की ते पार्किंग धरत नाहीत.

सोबतच्यांना घर चारशे वर्षांचं आहे असं सांगा. अठराव्या शतकात इथे मोझांबिकहून परतलेल्या एका सिकेराचं माडांची बाग होती, लोक त्याला मोसमीकार म्हणत, वस्ती त्यानंतर वाढली, आणि पणजी अधिकृत राजधानी झाली ती 1843 साली, असलं कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. चारशेच बरं वाटतं. ग्लासही तेवढ्यालाच आहे.

मागवण्याआधी वेटरची शिकवणी घ्या. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही काय बिअर असते, इंग्रजांची बिअर हिंदुस्थानपर्यंतच्या प्रवासात नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स, म्हणजे ती कडू फुलं, कशी जास्त घालत, सगळं सांगा. तो बिचारा दिवसातून दहा वेळा हे ऐकतो, अकराव्यांदाही मान डोलावेल. मग पहिला घोट घ्या आणि ‘कडू आहे हो’ म्हणून ग्लास परत करा. स्टाउट, म्हणजे ती काळी बिअर, पुरेशी गार नाही म्हणून तिच्यात बर्फ मागा. शेवटी ‘साधी काही नाही का?’ असं विचारा. मी स्वतः तिथे एकदा गव्हाची बिअर प्यायलो, संत्र्याची साल आणि धणे घातलेली. चांगली होती. खोटं कशाला बोलू?

वेटरला ‘ए भाऊ’ म्हणा. गोव्यात आलात, मोकळं वागायला नको?

आता मुख्य काम. ग्लास घेऊन बाहेर या. आत जांभ्याच्या जाडजूड भिंती आहेत, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत, म्हणजे ज्याचे पैसे तुम्ही मोजले ते सगळं आत आहे. पण आत उजेड बरा पडत नाही. बाहेर पिवळी भिंत आहे, निळी आहे, आणि त्या भिंतींना पायऱ्या आहेत. पायरी दिसली की बसायचं. दाराला कुलूप असेल तर घर रिकामं समजायचं. पायरीवर तुळस असेल तर ती उचलून बाजूला ठेवायची, फ्रेम मोकळी दिसते. ‘फोटो काढू नये’ अशी पाटी असेल तर तिच्यासकट काढायचा, तो जास्त चालतो.

गेल्या शनिवारी मी बाजारातून बांगडे घेऊन येत होतो. पायरीवर सहाजण. माझ्या. ग्लास ओट्यावर, एकाची चप्पल माझ्या पायपुसण्यावर, एक मुलगी दाराला टेकून मान तिरकी करून उभी. आपापसात मराठी. म्हटलं, चला, आपलीच माणसं आहेत. ‘जरा सरकता का?’ असं विचारलं. तर ती म्हणाली, ‘अय्या, काका मराठी! काका, दोन मिनिटं थांबता का प्लीज? फ्रेममध्ये येताय.’

आणि मी थांबलो. हेच मला अजून खुपतंय. हातातल्या पिशवीतून बांगड्यांचं पाणी सँडलवर गळत होतं, खिशात माझ्याच दाराची किल्ली होती, आणि मी माझ्याच घरासमोर दोन मिनिटं बाजूला उभा राहिलो. दोन कसली, सहा. मधे एकाने माझ्याच हातात फोन दिला, ग्रुपचा काढायला. तोही काढला. ‘काका, आडवा धरा ना’, असंही ऐकून घेतलं.

समोरच्या आजींचं तर विचारूच नका. त्यांना कपडे वाळत घालायची चोरी झालीय. दोरीवरची परकर-चादर ‘जरा काढता का’ म्हणून लोक खालून हाका मारतात. मागे एकजण थेट त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, जाऊन बसला. त्या बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘पुता, हें म्हजें घर.’ त्याने तेही रीलमध्ये घेतलं.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की त्याची सायकल अडवा, टोपलीसकट फोटो काढा, पाव घेऊ नका.

रात्री दहानंतर गाणी म्हणा.

परतताना सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, डोकवायला हरकत नाही, तिथला क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला आहे आणि त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. कपेलाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे आम्ही पाहिलेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. डोळे उघडे आहेत.

रविवारी सकाळी माझ्या खिडकीत एक ग्लास होता. तळाशी दोन बोटं बिअर, तिच्यात सिगारेटचं थोटूक आणि एक मेलेला मुंगळा. तो मी धुऊन बारमध्ये परत नेऊन दिला. मालक म्हणाला, ‘बाहेर गिऱ्हाईक काय करतं त्याला आम्ही काय करणार?’ बरोबर आहे. घर वारशाचं म्हणून पाटीवर लिहायला तुम्ही, आणि वारशाच्या गल्लीत ग्लास गोळा करत फिरायला मी.

अहो, लाज कशी वाटत नाही? भिंतीला रंग आहे म्हणजे ती काय तुमच्यासाठी रंगवली? दर पावसाळ्यानंतर तो रंग पुन्हा द्यावा लागतो, आणि ते पैसे घरमालकाच्या खिशातून जातात, तुमच्या लाइकमधून येत नाहीत. पुण्यात तुमच्या सोसायटीत एखादा अनोळखी माणूस लिफ्टसमोर नुसता उभा राहिला तरी वॉचमनला फोन करता ना? तुमच्या आईच्या दारात चार टगे ग्लास घेऊन बसले तर चालेल? इथल्या माणसांना आजारपणं आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत, सकाळी साडेसहाची बस आहे. बिअर प्यायची तर आत बसून प्या, पैसे द्या, गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावा, चालत या, चालत जा. एवढं जमत नसेल तर घरी फ्रिज आहे.

आणि आज जे कोण बसलंय ना, त्यांनी उठा. मला कुलूप उघडायचंय.